प्रेताला घाबरणारं सरकार

सॉफोक्लिसच्या 'अँटिगनी' या ग्रीक नाटकावर कुठेही चर्चा झाली की एक गुळगुळीत वाक्य हमखास कानावर पडतं: क्रेऑनही त्याच्या जागी बरोबर आणि अँटिगनीही तिच्या जागी बरोबर. मूळ विचार हेगेलचा. त्याने निदान त्यामागे अख्खं तत्त्वज्ञान उभं केलं होतं. आमचे विद्वान तेवढं वाक्य उचलतात, दोन्ही पारडी समान असल्याचं जाहीर करतात आणि चहाला उठतात. मला या वाक्याचा संताप येतो. सत्तेने केलेल्या नीच कृत्याला तात्त्विक पेच म्हणण्याची सोय त्यात आहे, आणि सॉफोक्लिसने ती सोय ठेवलेलीच नाही.

नाटक पुन्हा वाचा. थीब्जच्या गादीसाठी दोन भाऊ एकमेकांना मारून मेले. त्यांचा मामा क्रेऑन राजा झाला आणि त्याने पहिलीच दवंडी पिटली: शहराच्या बाजूने लढला त्याला इतमामाने मूठमाती, परकी फौज घेऊन आला त्या पॉलिनायसिसचं प्रेत मात्र उघड्यावर कुत्र्या-गिधाडांना. त्याला हात लावेल तो मेला. याला लोक 'राज्याचा कायदा' म्हणतात. कसला कायदा? ना कुणाला विचारलं, ना कुठे चर्चा झाली. एका माणसाने काढलेला तो हुकूम आहे. हे त्याला त्याचा स्वतःचा मुलगा हायमॉन तोंडावर सांगतो. गाव अंधारात कुजबुजतंय, हुकूम मोडून भावाच्या प्रेतावर माती टाकणाऱ्या अँटिगनीचं कौतुक करतंय, तुमच्या धाकाने कुणी पुढे बोलत नाही, असं तो बापाला बजावतो. बाप ऐकत नाही. मग आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस येतो. पक्ष्यांनी आणि कुत्र्यांनी ओढून आणलेल्या त्या मांसाने शहरातल्या वेद्या विटाळल्यात, देव आहुती घेत नाहीत, असं तो सांगतो. क्रेऑन त्यालाही पैसे खाल्ल्याचा आरोप करून हाकलतो. शेवटी घाबरून शरण येतो, पण तेव्हाही क्रम चुकवतो. आधी गुहेत जिवंत कोंडलेल्या मुलीला सोडव, मग प्रेताचं बघ, असं त्याला स्पष्ट सांगितलेलं असतं. तो उलटं करतो. पोचतो तेव्हा तिने गळफास घेतलेला असतो.

यात दोन समान सत्यं कुठे दिसली? हा निकाल आहे. आणि तो देणारा नाटककार राज्यकारभार न कळणारा भाबडा कवी नव्हता. इसवीसनपूर्व 441च्या आसपासचं हे नाटक, आणि त्याच सुमारास सॉफोक्लिस अथेन्सचा निवडून आलेला सेनापती होता, पेरिक्लीजबरोबर सामोसच्या मोहिमेवर गेलेला. शिस्त, युद्ध, फितुरी हे सगळं त्याने जवळून पाहिलं होतं. पाहूनच त्याने हे लिहिलं.

त्या नाटकातला पहारेकरी मला क्रेऑनपेक्षाही जास्त अस्वस्थ करतो. प्रेतावर कुणीतरी माती टाकली हे कळल्यावर पहारेकरी एकमेकांवर आळ घेतात, आगीतून चालून दाखवायच्या शपथा खातात आणि राजाला सांगायला कोणी जायचं यासाठी चिठ्ठ्या टाकतात. हा जातो, शिव्या खाऊन परततो. मग ते सगळे प्रेतावरची माती झाडून काढतात आणि दुर्गंधी येऊ नये म्हणून वाऱ्याची दिशा बघून टेकाडावर बसतात. वावटळ येते, ती ओसरल्यावर समोर पोरगी. रिकामं घरटं बघून पाखराने आकांत करावा तशी रडणारी. हा तिला धरून नेतो आणि कबूल करतो, की तिच्यासाठी वाईट वाटतं खरं, पण आपला जीव आधी. जगातल्या प्रत्येक क्रेऑनला असा पहारेकरी लागतो. तो दुष्ट नसतो. त्याला नोकरी असते.

आता आपल्याकडे या.

23 मार्च 1931. भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू यांना लाहोरच्या तुरुंगात ठरल्या वेळेच्या आधीच, संध्याकाळी फाशी दिली. प्रेतं घरच्यांना दिली नाहीत. गुपचूप बाहेर काढून सतलजच्या काठी हुसैनीवालाजवळ जाळली. हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो आणि इंग्रजांच्या नावाने बोटं मोडतो. बरोबरच आहे. पण मग 9 फेब्रुवारी 2013चं काय? संसदेवरच्या हल्ल्यात दोषी ठरलेल्या अफझल गुरूला तिहारमध्ये फाशी दिली. कुटुंबाला कळवायचं पत्र सरकारने स्पीड पोस्टाने टाकलं आणि ते पोचलं तेव्हा माणसाला पुरून दोन दिवस झाले होते. प्रेत दिलं नाही. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाला लिहून द्यावं लागलं, की फाशीपूर्वी कुटुंबाला वेळेत कळवलं पाहिजे. इतकी साधी गोष्ट न्यायालयाने सांगावी लागते!

'कायदा आणि सुव्यवस्था' हे ठरलेलं उत्तर. हे उत्तर मुंबईने खोटं पाडलंय. 1993च्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं गेली. त्या खटल्यात याकूब मेमनला 30 जुलै 2015 रोजी नागपुरात फाशी झाली. सरकारने प्रेत कुटुंबाला दिलं. ते मुंबईत आलं, मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात दफन झालं. हजारो माणसं जमली, पोलिसांनी बंदोबस्त ठेवला, संध्याकाळी सगळे आपापल्या घरी गेले. ज्या शहराच्या जखमा सर्वांत खोल, तिथे हे जमलं. म्हणजे जमतं. जिथे जमत नाही तिथे सरकारला जमवायचं नसतं.

आणि हाथरस. तिथे तर कुणी देशद्रोही नव्हतं. दलित घरातली एकोणीस वर्षांची मुलगी अत्याचारानंतर 29 सप्टेंबर 2020 रोजी दिल्लीत रुग्णालयात मेली. त्याच रात्री प्रेत गावी नेलं आणि पोलिसांनी घरच्यांना बाजूला ठेवून मध्यरात्रीनंतर ते जाळलं. हळद लावायची, तोंड बघायचं, काहीही नाही. सकाळपर्यंत थांबलो असतो तर हिंसाचार झाला असता, असं राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगितलं. क्रेऑननेही शहराच्या सुरक्षिततेचंच कारण दिलं होतं, पण त्याच्यासमोर निदान चालून आलेल्या फौजेचा सेनापती मेलेला होता. इथे समोर होती बळी गेलेली मुलगी आणि दाराआड आक्रोश करणारी तिची आई. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने आपणहून दखल घेतली आणि हा सकृद्दर्शनी मानवी हक्कांचा भंग असल्याचं म्हटलं. त्या रात्री चितेभोवती कडं करून उभे असलेले पोलीस तेच, वाऱ्याची दिशा बघून बसलेले.

कुणी म्हणेल, पॉलिनायसिस शहरावर चालून आला होता, त्याला कसला मान? मी म्हणतो, मान त्याचा नाहीच. प्रश्न आपण कोण आहोत हा आहे. 1999 साली कारगिलच्या डोंगरांवर पाकिस्तानने आपल्याच सैनिकांची प्रेतं ओळखायला नकार दिला, तेव्हा भारतीय लष्कराने त्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे दफन केलं. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे. मेल्यावर वैर संपतं, हे आपल्याकडे शिकवायला ग्रीक नाटकाची गरज नव्हती.

उलट टोकाला औरंगजेब. 1689 साली संभाजीराजांना हाल करून मारल्यावर त्यांच्या देहाचे तुकडे टाकून दिले आणि अंत्यसंस्कार करणाऱ्यावर बादशहाची जरब होती, असं परंपरा सांगते. तरी वढूच्या माणसांनी तो देह गोळा केला आणि अग्नी दिला. तो कुणी दिला यावरून आजही वाद पेटतात, फलक मोडले जातात, 2018च्या जानेवारीत तर भीमा कोरेगावला रक्त सांडलं. जो तो हुकूम मोडणाऱ्याचा वारस व्हायला धडपडतो. हुकूम बजावणाऱ्याचा वंशज मी, असं सांगत मात्र कुणी पुढे येत नाही. मग आज, तुमच्या डोळ्यांदेखत, तुमच्या मताने निवडून आलेलं सरकार एखाद्या आईला प्रेत नाकारतं तेव्हा हे सगळे वारस कुठे असतात?

यात कुठल्या एका पक्षाला बरं वाटायचं कारण नाही. तिहारच्या वेळी केंद्रात काँग्रेस, हाथरसच्या वेळी उत्तर प्रदेशात भाजप. आणि राजस्थानात 2023 साली काँग्रेस सरकारने मृतदेहाच्या सन्मानाचं नाव देऊन असा कायदा केला, की अन्यायाविरुद्ध प्रेत रस्त्यावर ठेवून दाद मागणाऱ्या नातेवाइकांनाच तुरुंग. क्रेऑनकडे नुसती दवंडी होती. यांनी ती विधानसभेत मंजूर करून घेतली.

म्हणून नाटकावरच्या चर्चा पुरे झाल्या. मागणी साधी आहे आणि ती महाराष्ट्रात आधी झाली पाहिजे: मृतदेह कुटुंबाच्या हाती देणं हे सरकारवर कायद्याने बंधनकारक करा. नकार द्यायचा असेल तर तो लेखी, कारणासकट आणि न्यायाधीशासमोर द्या. रात्रीच्या अंधारात पोलिसांनी अंत्यसंस्कार केला तर तो हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यावर गुन्हा दाखल करा. पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हे विचारा, आणि त्याने 'दोन्ही बाजू' सांगायला सुरुवात केली तर त्याला मत देऊ नका.