दोघांचा प्रवास, एकाचं वर्णन

1977 साली आमचे अण्णा सपत्नीक लंडनहून मोटारीनं मनमाडला आले. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान! 1979 मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या, तो रस्ता मिटला. अण्णा मात्र अजून त्याच रस्त्यावर आहेत. चहाला आलेल्या माणसाला थेट खैबरखिंडीत नेऊन सोडतात.

माझं भांडण एवढंच, की या गोष्टीत वहिनी नुसत्या 'सोबत होत्या'. मग स्टोव्ह कुणी पेटवला? पासपोर्ट कुणी सांभाळले? हेरातच्या बाजारात खुणांनी घासाघीस कुणी केली? अहो, मनमाडला मीटरगेज होती तेव्हाही हेच. औरंगाबादची गाडी बदलताना ट्रंका आणि पोरं मोजायची बायकांनी, अन् 'सगळ्यांना सुखरूप आणलं' म्हणायचं पुरुषांनी!

परवा मी मुद्दाम वहिनींनाच विचारलं, "काबूल कसं होतं हो?"

अण्णांनी उत्तर दिलं.