वॉटांचा हव्यास

गिटार हें वाद्य आतां आमच्या सुशिक्षित कुटुंबांत परकें राहिलेलें नाहीं. ज्या घरांत पूर्वीं पेटी आणि तबल्याची जोडी असे, त्याच घरांत आज भिंतीशीं टेकलेली विजेची गिटार दिसते, आणि चिरंजीव मित्रांच्या बँडमध्यें वाजवितात हें आईबाप पाहुण्यांस कौतुकानें सांगतात. यांत आम्हांस कांहींच वावगें वाटत नाहीं. परंतु या कौतुकाच्या पाठोपाठ घरांत एक मागणी येते, आणि आमचें भांडण आहे तें तिच्याशीं. पहिला जाहीर कार्यक्रम आटोपून मुलगा घरीं येतो तो हिरमुसलेला. ‘माझी गिटार कोणाला ऐकूंच आली नाहीं, आवाज वाढवायला गेलों तर तो फाटला, आपण मोठा ॲम्प घेऊं या, बाबा.’ बाबा विचारतात, ‘केवढा मोठा?’ उत्तर तयारच असतें: ‘शंभर वॉटांचा तरी.’

या मागणींतील तक्रार खरी आहे. उपाय मात्र बहुतेक वेळां चुकीचा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तक्रार खरी कशी, तें आधीं सांगतों. तार छेडली जाते तेव्हांचा पहिला आघात मागून रेंगाळणाऱ्या नादापेक्षां कितीतरी जोरकस असतो. तो आघात ॲम्प्लिफायरला पेलला नाहीं कीं त्याचा माथा कापला जातो, आणि आवाज फाटतो. ज्यांस रॉकच्या धर्तीचा फाटलेलाच आवाज हवा, त्यांचें पंधरा-वीस वॉटांतहि छान भागतें. परंतु जाझ वाजविणारा, किंवा चित्रपटगीतास नाजूक साथ करणारा, ज्यास प्रत्येक तार काचेसारखी स्वच्छ ऐकूं यावयास हवी आहे, त्याच्या यंत्रांत त्या आघातापुरती शक्ति राखून ठेवलेली असावी लागते. स्वच्छ आवाजास थोडे अधिक वॉट लागतात, हें आम्ही प्रारंभींच मान्य करतों. वाद आहे तो या ‘थोड्या’चा.

वॉट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होतो अशी सार्वत्रिक समजूत आहे, आणि विकणारेहि ती दूर करण्याच्या भरीस पडत नाहींत. वस्तुतः वॉट दुप्पट केले असतां ध्वनीची पातळी फक्त ३ डेसिबलांनीं वाढते. लक्ष देऊन ऐकणाऱ्यानें ‘हो, किंचित् वाढला खरा’ असें म्हणावें, इतकाच हा फरक. माणसाच्या कानास आवाज दुप्पट वाटावयाचा तर पातळी सुमारें १० डेसिबलांनीं वाढावी लागते, आणि त्यासाठीं शक्ति दसपट लागते. म्हणजे ५० वॉटांचा ॲम्प विकून १०० वॉटांचा आणणाऱ्याच्या पदरांत पडतात ते तीन डेसिबल. फेंडर कंपनीचे १९६३ सालचे दोन प्रसिद्ध नमुने घ्या. डीलक्स रिव्हर्ब २२ वॉटांचा, ट्विन रिव्हर्ब ८५ वॉटांचा. शक्ति जवळजवळ चौपट, फरक सहा डेसिबलांचा. ट्विन याहून बराच मोठा वाटतो तो त्यांत एकाऐवजीं दोन स्पीकर आहेत म्हणून; त्या दुसऱ्या स्पीकरनें आणखी सुमारें तीन डेसिबलांची भर पडते. आणि हा ट्विन एकदां उचलून पाहावा. त्याचें वजन सुमारें तीस किलो भरतें. दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहांत तो चढवून नेणाऱ्या मुलांचे चेहरे आम्हीं पाहिले आहेत.

वॉटांच्या या जपांत ज्या स्पीकरमधून आवाज प्रत्यक्ष बाहेर पडतो त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं. एका वॉटास एका मीटरवर ९७ डेसिबल देणारा बारा इंची स्पीकर काढून त्या जागीं १०० डेसिबल देणारा बसविला, तर सगळे वॉट दुप्पट केल्याचेंच फळ मिळतें. ओहम जुळतात आणि स्पीकर आपल्या ॲम्पची शक्ति सोसेल एवढें पाहिलें, कीं हें काम एका संध्याकाळचें आणि एका स्क्रूड्रायव्हरचें आहे.

मग हे प्रचंड ॲम्प्लिफायर निघालेच कां? त्यांस एक सबळ कारण होतें, आणि तें आज उरलेलें नाहीं. आमच्या म्हणण्याचा सारा भार याच गोष्टीवर आहे. चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्यें बेनी गुडमनच्या चमूंत दाखल झाला तेव्हां त्याचा गिब्सन ॲम्प्लिफायर आजच्या मानानें अगदीं चिमुकला होता, तरीहि सॅक्सोफोनसारख्या एकेक सुरांच्या ओळी त्यानें त्यावर वाजवून दाखविल्या. सोबतचे वादक एकमेकांचें ऐकून वाजवीत, म्हणून तें साधलें. पुढें नाचाचीं दालनें मोठीं झालीं. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियांत बाल्बोआच्या रॉन्देव्हू बॉलरूममध्यें डिक डेल नांवाचा तरुण हजारोंच्या गर्दीपुढें इतक्या जोरानें वाजवी कीं लिओ फेंडरनें दिलेले ॲम्प्लिफायर एकामागून एक जळून गेले. त्याच्या पायीं फेंडरला पंधरा इंची जेबीएल स्पीकर असलेला ‘शोमन’ तयार करावा लागला. येथें ध्यानांत घ्यावयाचें तें असें कीं, त्या काळीं सभागृहांतील ध्वनिक्षेपक गायकापुरता असे, आणि तोहि बेताचा. गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेण्याचें ओझें एकट्या ॲम्पवर होतें. १५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्यें बीटल्स सुमारें ५५,००० श्रोत्यांपुढें उभे राहिले तेव्हां व्हॉक्स कंपनीनें त्यांस १०० वॉटांचे ॲम्प्लिफायर दिले होते. ते शंभर वॉटहि किंकाळ्यांत बुडून गेले. पुढच्याच वर्षीं, २९ ऑगस्ट १९६६ रोजीं, सॅन फ्रान्सिस्को येथें त्या मंडळीनें आपला शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रम केला. स्वतःचेंच वाजविणें ऐकूं येत नसे, हें त्यामागील कारणांपैकीं एक.

कोणी म्हणेल, पुरेसे वॉट लावले असते तर सर्व कांहीं स्वच्छ ऐकूं आलें असतें. हा प्रयोगहि झालेला आहे. १९७४ मध्यें ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडनें प्रत्येक वाद्यास स्वतंत्र यंत्रणा देऊन सहाशेंहून अधिक स्पीकरांची एक भिंतच आपल्या पाठीमागें उभी केली. तिची शक्ति सुमारें २६,००० वॉट होती. आणि आम्ही प्रांजलपणें सांगतों कीं ती भिंत यशस्वी झाली. फाटल्याचा लवलेश नसलेला असा आवाज उघड्या मैदानांत पूर्वीं कोणीं ऐकला नव्हता. परंतु ती वाहावयास मालमोटारींचा तांडा लागे, आणि एका गांवीं कार्यक्रम चालू असतां पुढच्या गांवीं दुसरा सांगाडा उभारावा लागे. वर्ष संपण्यापूर्वींच ती भिंत मोडीत निघाली. आमच्या मुलाचा कार्यक्रम तीनशें खुर्च्यांच्या सभागृहांत आहे.

या सभागृहांत आज मिक्सर असतो, साउंडवाला असतो, दोन्ही बाजूंस मोठाले स्पीकर असतात. गिटारच्या स्पीकरपुढें एक मायक्रोफोन ठेवला कीं शेवटच्या रांगेचा प्रश्न मिटला. शूअर कंपनीचा एसएम ५७ हा १९६५ पासून चालत आलेला साधा मायक्रोफोन याच कामासाठीं जगभर वापरला जातो, आणि नव्या ॲम्पच्या मानानें त्याची किंमत किरकोळ आहे. तेव्हां ॲम्पनें आतां केवळ रंगमंचावरील चौघांपुरतें ऐकूं आलें म्हणजे झालें. डिक डेलचें ओझें दुसऱ्यानें उचलल्यावरहि तें आपल्याच डोक्यावर घेऊन फिरणाऱ्यांस काय म्हणावें?

‘पण रंगमंचावर मलाच माझें ऐकूं येत नाहीं,’ असें यावर उत्तर येतें. कां येत नाहीं, तें पाहिल्यावांचून पैसे खर्च करण्यांत शहाणपणा नाहीं. एक तर ॲम्प जमिनीवर असतो आणि वाजविणारा त्याच्या पुढें दोन हातांवर उभा असतो. स्पीकरमधील तीक्ष्ण स्वर विजेरीच्या झोतासारखे सरळ जातात. ते याच्या गुडघ्यांस ऐकूं येतात आणि पहिल्या रांगेंतील बिचाऱ्या आजोबांच्या कानांत भाल्यासारखे घुसतात. हा आवाज वाढवितो, आजोबा उठून मागें जातात. फेंडरनें आपल्या मोठ्या ॲम्पांच्या बाजूंस धातूचे पाय बसविले ते याचसाठीं, कीं पेटी मागें कलती करून तिचें तोंड वाजविणाऱ्याच्या कानाकडे करतां यावें. हे पाय उघडलेले आम्हीं क्वचित् पाहिले. ज्यांच्या ॲम्पला पाय नाहींत त्यांच्यासाठीं सभागृहांत खुर्च्या असतात.

दुसरें कारण घरच्या खोलींत जन्मतें. हळू आवाजांत माणसाच्या कानास खर्जाचे आणि अतितार स्वर कमी ऐकूं येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनीं हें १९३३ मध्यें मोजून दाखविलें. म्हणून मुलगा खोलींत बसून बेस वाढवितो, ट्रेबल वाढवितो आणि मिडचें बटण खालीं आणतो. तेथें तें फार गोड लागतें. तीच बटणें तशींच ठेवून तो रंगमंचावर जातो. तेथें खर्ज बेस गिटार आणि ड्रम गिळून टाकतात, वरचे स्वर झांजा गिळतात, आणि गिटारचें जें खरें घर तो मधला पट्टा यानें स्वतःच रिकामा करून ठेवलेला असतो. शिवाय खर्जाचे स्वर सर्वांत जास्त शक्ति खातात. बेस उतरवून मिड चढविला तर त्याच वॉटांत गिटार एकाएकीं पुढें येते. घरीं ती कर्कश वाटेल; वाटूं द्यावी. आणि पुष्कळदां आवाज फाटतो तो शेवटच्या मोठ्या व्हॉल्वांत नसून अगदीं पहिल्या लहान व्हॉल्वांत. गिटारचा पिकअप तारांपासून थोडा खालीं नेला, किंवा फेंडरच्या ॲम्पवर पहिल्याऐवजीं दुसऱ्या छिद्रांत वायर लावली, तर आंत जाणारा संदेश सौम्य होतो, आणि जो ॲम्प काल ‘लहान पडत’ होता तो आज स्वच्छ बोलूं लागतो. यास एक पैसाहि पडत नाहीं. कदाचित् म्हणूनच कोणी सांगत नसावें.

तिसरें आणि खरें कारण ड्रमवाला. त्याच्या वाद्यास वीज नाहीं, बटण नाहीं; जोरानें वाजविल्यास तें लहान सभागृहांत सहज १०० डेसिबलांच्या पुढें जातें. त्याच्याशीं बरोबरी करावयास गिटारवाला वाढवितो, त्याला ऐकूं यावें म्हणून बेसवाला वाढवितो, आणि मग ड्रमवाला अधिक जोरानें ठोकतो. आपल्या बैठकींत विलंबित ख्याल चालू असतां तबलजी ठोके मारूं लागला तर गवई तानपुऱ्यासाठीं मोठा स्पीकर मागवीत नाहीं. तो तबलजीकडे एकदां पाहतो, आणि काम होतें. पातळ काड्यांच्या जुड्या, ब्रश, हलका हात हीं साधनें ड्रमवाल्यांसहि ठाऊक आहेत. परंतु मित्रास ‘जरा हळू वाजव’ म्हणण्यापेक्षां बापाजवळ शंभर वॉट मागणें आमच्या मुलांस सोपें वाटतें.

हा केवळ पैशाचा किंवा रुचीचा प्रश्न असता तर आम्ही इतके शब्द खर्चिले नसते. अमेरिकेंतील व्यावसायिक आरोग्याच्या संस्थेनें घातलेली मर्यादा अशी आहे कीं, ८५ डेसिबलांत माणसानें दिवसाकांठीं आठ तास काढावे, आणि दर तीन डेसिबलांमागें ही मुदत निम्मी व्हावी. म्हणजे १०० डेसिबलांत पंधरा मिनिटें. ज्या तीन डेसिबलांसाठीं बाबांनीं नवा ॲम्प घेऊन दिला, त्यांनीं मुलाच्या कानांची मुदत अर्धी केली. पीट टाउन्सेंड, ज्याच्या मागणीवरून मार्शलनें १९६५ मध्यें १०० वॉटांचे ॲम्प बांधले, त्यानें पुढें आपल्या बहिरेपणाविषयीं आणि कानांत अखंड घुमणाऱ्या नादाविषयीं जाहीरपणें सांगितलें आहे. त्याचा दोष त्यानें मुख्यतः स्टुडिओंतील हेडफोनवर ठेवला, हेंहि सांगणें न्यायाचें होईल. कानांतील जे सूक्ष्म केस एकदां मेले ते पुन्हां उगवत नाहींत, आणि जातात ते आधीं उंच स्वर ऐकविणारे. अर्थात् ज्या काचेसारख्या स्वच्छ आवाजासाठीं हा खटाटोप, तो ऐकण्याची शक्तिच प्रथम जाते.

उघड्या मैदानावर, जेथें मायक्रोफोन आणि मिक्सर मिळण्याची आशाच नाहीं, तेथें मोठ्या यंत्रावांचून गत्यंतर नाहीं. तेथें रोलंड कंपनीचा १९७५ पासून निघत असलेला, व्हॉल्व नसलेला जेसी-१२० आणावा आणि खुशाल वाजवावा. तो पुष्कळ वाढविला तरी सहसा फाटत नाहीं. परंतु असे प्रसंग किती येतात? ज्या घरांत मोठ्या ॲम्पची पावती अद्याप फाटलेली नाहीं, तेथील वडिलांस आमची एवढीच विनंति आहे कीं, त्यांनीं पुढच्या तालमीला स्वतः जाऊन बसावें, मुलाचा ॲम्प खुर्चीवर चढवून त्याच्या कानाकडे वळवावयास सांगावें, आणि राखून ठेवलेल्या रकमेंतून एक मायक्रोफोन, त्याचा स्टँड आणि चौघां पोरांच्या कानांसाठीं वादकांचे बोळे आणून द्यावे. ड्रमवाल्याचे बोळे आधीं.