लोखंडाची व्युत्पत्ती

शब्दाचे कूळ शोधायचे तर त्याच्या तोंडवळ्यावर विश्वास ठेवू नये, असे मी दर वर्षी एम. ए.च्या वर्गाला सांगतो. ‘बिजागरी’च घ्या. किती घरंदाज, किती मऱ्हाटमोळा शब्द! ‘बीज’ काय, ‘आगर’ काय, दोन्ही आपलीच वाटतात. प्रत्यक्षात ही बाई पोर्तुगिजांच्या गलबतातून उतरलेली. इथे आल्यावर तिने लुगडे नेसले, इतकेच.

यंदा मात्र हे शास्त्र मला एका मालमोटारीवर चालवावे लागले. माझ्या भाच्याला जुन्या यंत्रांचा भारी नाद. त्याने एक छायाचित्र पुढे टाकले आणि विचारले, “मामा, ओळखा पाहू, ही कुठली?”

गाडी कसली, चाकांवरचा वाडाच तो! अंगावर वेल्समधल्या न्यूपोर्ट गावच्या रॉबर्ट विन अँड सन्स या वाहतूकदारांचे नाव. नंबराच्या पाटीवर ‘डीडब्ल्यू’. ही अक्षरे त्या काळी न्यूपोर्टच्या नोंदणीची. उत्तर असे ठळक अक्षरांत समोर लिहिलेले, म्हणूनच मी ते दिले नाही. आडनावात गाव असले म्हणजे माणूस त्या गावचा, एवढेच फार तर कळते. तो जन्मला कुठे हे कळत नाही. पुण्याचा माणूस पुण्यात राहतो तोवर त्याला पुणेकर म्हणायचे कोणाला सुचत नाही!

मग आम्ही खाली वाकून पाहिले. मागच्या चाकांशी चक्क साखळ्या होत्या! सायकलीच्याच जातीच्या, पण भीमाला शोभाव्यात अशा. एंजिनाचा जोर मागच्या चाकांना साखळीने पोचवायचा, ही रीत युद्धकाळात मोटारींतून जवळजवळ गेली होती. ती इथे असावी, याचा अर्थ गाडीचा धातू निराळा आहे. (व्याकरणातला धातू म्हणतो मी, लोखंड नव्हे.)

तो धातू निघाला अमेरिकेतला. सॅन फ्रान्सिस्कोच्या नकी ट्रक कंपनीने ही रचना केली आणि वॉशिंग्टन राज्यातल्या रेंटन गावी पॅसिफिक कार अँड फाउंड्री या आगगाडीचे डबे बांधणाऱ्या कारखान्याने १९४३ पासून त्या गाड्या बांधल्या. लष्करी नाव एम-२६. रणांगणावर मोडून पडलेला रणगाडा उचलून ४० टनी जोडगाडीवर चढवायचा आणि घेऊन यायचे, हे तिचे काम. म्हणून चालकाची खोली चिलखती. पोटात २४० अश्वशक्तीचे हॉल-स्कॉट पेट्रोल एंजिन. गॅलनमागे कसाबसा मैल जाई. सरकारच्या पैशाने युद्ध चालू असते तेव्हाच असली चैन परवडते.

युद्ध संपल्यावर विन मंडळींनी अशा सहा गाड्या घेतल्या. चिलखत उतरवले, सुताराच्या हातची नवी खोली चढवली, पुढे डिझेल एंजिने बसवली आणि पाठीवर वजन भरायला एक पेटी बांधली. ही पेटी मला सर्वांत आवडली. शंभर टनांहून जड रोहित्र ओढायचे तर ओढणाऱ्याचे पाय जमिनीला चिकटून हवेत. हलका असला तर त्याचेच पाय घसरतात. या गाड्यांना त्यांनी नावेही ठेवली. एकीचे नाव ड्रेडनॉट. वीजकेंद्रांची धुडे ओढीत त्या ब्रिटनच्या रस्त्यांवरून चालल्या.

आता भाच्याशी माझा वाद कुठे झाला ते सांगतो. त्याचे म्हणणे, अशी गाडी कोणी नव्याने उभी करायला घेतली तर तिला मूळ रूप द्यावे : चिलखत चढवावे, हिरवा रंग द्यावा. साखळी अमेरिकन, सांगाड्यावरचा क्रमांक अमेरिकन, तेव्हा बाकी सगळे उपरे.

मला हे पटत नाही. ‘तूप’ कानडीतून आले म्हणून कोणी ते पुरणपोळीवर वाढताना कानडी उच्चार करावा असे म्हणत नाही. कूळ सांगणे निराळे आणि माणसाला परत माहेरी पोचवून येणे निराळे. सैन्यात ही गाडी फार तर दोन-तीन वर्षे होती; न्यूपोर्टच्या कामगारांनी तिच्यावर घातलेले हात, तिच्याकडून करून घेतलेली वर्षानुवर्षांची मेहनत, हे काय नुसते उष्टे-खरकटे, की घासून टाकावे? शिवाय चिलखती एम-२६ अजूनही संग्रहांतून पाहायला मिळतात. त्यांच्यात आणखी एकीची भर पडून काय व्हायचे? न्यूपोर्टची ती लाकडी सांगाड्याची खोली आणि वजनाची पेटी एकदा उतरवली, तर ती मात्र पुन्हा कोणी बांधणार नाही. ज्यांनी ती बांधली, ते हात आता उरलेले नाहीत.