पूल कुणासाठी?

मागच्या सेमिस्टरला आइस्क्रीमच्या काड्यांच्या पुलांची स्पर्धा झाली. आमचा पूल मोडला तेव्हा जो तो एकच विचारत होता, "किती किलो घेतले रे?" मला मात्र त्या दिवशी आजी आठवली.

मी इथे पनवेलला हॉस्टेलवर, पण घर पुण्यात, पर्वतीच्या पायथ्याशी. जवळूनच मुठा उजवा कालवा जातो. इंग्रजांनी १८७० च्या दशकात खडकवासला धरणाबरोबर काढलेला. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ त्याची भिंत फुटून वस्तीत पाणी शिरलं, तेव्हा तो बातम्यांत आला. एरवी त्याच्याकडे कोण बघतो?

भाजी आणायला आम्ही कालव्यावरच्या छोट्या पादचारी पुलावरून पलीकडे जातो. लोखंडी पत्रा, दोन्हीकडे तीन-तीन पायऱ्या. पूल एकदम भक्कम! पण पावसात पत्रा निसरडा होतो. गुडघे दुखायला लागल्यापासून आजी पलीकडे गेलेली नाही. भाजीवाली समोर दिसते, आणि आजी अलीकडूनच मला सांगते, "जा रे, तेवढी मेथीची जुडी आण." तिच्यापुरता तो पूल केव्हाच पडलाय.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. व्हेनिसच्या ग्रँड कॅनॉलवर २००८ साली सांतियागो कालात्रावा या नामवंत आर्किटेक्टचा पूल झाला. पायऱ्यांना काच! दिसायला झकास, पण लोक घसरून पडायला लागले. व्हीलचेअरवाल्यांना तर वाटच नव्हती. २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने कालात्रावांना ७८,००० युरो दंड केला आणि २०२२ मध्ये काचेच्या जागी दगड बसवायचं ठरलं.

सर म्हणतील, आधी मजबुती. शंभर टक्के मान्य. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळून चार जीव गेले, ते कसं विसरायचं? पण मजबुती ही सुरुवात झाली. तीन पायऱ्या म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर उंची. १:१२ उतार धरला तर साडेपाच मीटरचा रॅम्प, वर खरबरीत पत्रा आणि हाताला कठडा. एवढंच गणित आहे, पण ते कुणी मांडतच नाही.

म्हणून सिव्हिलच्या सरांना एक विनंती. पुढच्या स्पर्धेत दहा मार्क याला ठेवा : या पुलावरून आजी जाईल का?