काचबशीतला विजय



कारंजा लाडला काष्ठौषधींच्या दुकानात फणसोंबा मागून पाहा. लाकडाच्या ढलपीसारखा टणक, तपकिरी तुकडा हाती पडेल. कोकणात फणसाच्या जुन्या झाडावर वाढणारे हे कवक, भूछत्राचेच भाऊबंद. लाळ फार सुटू लागली की ते पाण्यात उगाळून हिरड्यांना लावायची जुनी रीत आहे. शास्त्रज्ञ त्याला फेलिनस प्रजातीत घालतात.

याच प्रजातीतील कवकांच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मरतात, असे प्रयोग जपान-कोरियात झाले आहेत. प्रयोगांशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते त्यांच्या नावावर 'रामबाण' भुकटी विकणाऱ्यांशी. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी अशा भुकटीच्या भरवशावर शस्त्रक्रिया चार महिने लांबवली. तोवर रोग पसरला होता.

मी पदार्थविज्ञान शिकवतो, तेव्हा थोडा हिशेब करू. समजा, काचबशीत दर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम अर्क लागला. ५० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे ३० लिटर पाणी असते. तेवढी तीव्रता आणायला ३ ग्रॅम अर्क अंगात भिनला पाहिजे. तोही यकृताने मोडता कामा नये, मूत्रपिंडांनी बाहेर टाकता कामा नये. भुकटीतून अर्क शेकडा ५ निघत असेल, तर ही झाली ६० ग्रॅम भुकटी! चमचाभराने काय साधणार? आणि निरोगी पेशींचे काय? बशीतल्या पेशी तर मिठाच्या दाट पाण्यानेही मरतात.

गंमत म्हणजे बशी उलटही फसवते. शिटाके या जपानी अळंबीतील लेंटिनान कर्करोगाच्या पेशींना थेट मारत नाही. तरी १९६९ साली त्याने उंदरांतील गाठी विरल्या. ते शरीराची प्रतिकारशक्ती जागवते. १९८५ मध्ये जपानने त्याला मान्यता दिली, ती जठराच्या कर्करोगात इतर औषधांच्या जोडीला, सुईवाटे देण्यासाठी.

आपल्या नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांचे उदाहरण घ्या. अमेरिकेत यू झाडाची साल गोळा झाली १९६२ मध्ये. वाणी आणि मन्रो वॉल यांनी तीतील टॅक्सॉलची रचना प्रसिद्ध केली १९७१ मध्ये. औषध म्हणून परवानगी मिळाली १९९२ मध्ये! मात्रा किती, विषारीपणा किती, पाण्यात न विरघळणारा पदार्थ शिरेतून द्यायचा कसा, यात ही वर्षे गेली.

फणसोंब्याचीही अशी परीक्षा व्हायला हवी. ती आपल्या विद्यापीठांतून व्हावी असे मला वाटते. फणस तर आपल्याकडेच आहेत.