पुरस्काराची फी आणि वस्तूची परीक्षा

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचं वर्कशॉप आहे. द्राक्षबागांसाठी ट्रॅक्टरवर चालणारे फवारणीचे ब्लोअर आम्ही बनवतो. मध्यंतरी एका आंतरराष्ट्रीय डिझाइन पुरस्कारासाठी फी भरून प्रवेशिका पाठवली, सोबत चार फोटो. निवड झाल्याचं पत्र आलं. ट्रॉफी, प्रमाणपत्र आणि बोधचिन्ह वापरण्याचा हक्क हवा असेल तर आणखी पैसे भरा, असंही त्यात होतं. यंत्र कुणी पाहिलंच नव्हतं. मी पैसे भरले नाहीत.

फी घेण्याला माझा विरोध नाही. जर्मनीतला रेड डॉट पुरस्कार १९५५ पासून दिला जातो. तोही प्रवेशासाठी पैसे घेतो, विजेत्यांकडून वेगळे घेतो. पण उत्पादनांच्या स्पर्धेत परीक्षक प्रत्यक्ष वस्तू हाताळतात. आपल्या आयएसआय चिन्हालाही फी लागते. मात्र नमुना चाचणीत नापास झाला तर चिन्ह मिळत नाही. फी परीक्षेची असावी, निकालाची नव्हे.

आमच्या ब्लोअरची गाळणी पूर्वी टाकीखाली होती. ती चोंदली की ड्रायव्हरला खाली वाकून औषधाच्या धारेत हात घालावा लागे. तासगावचे एक बागायतदार म्हणाले, "पोराच्या हातावर औषध सांडतंय, याचं काहीतरी करा." आता गाळणी कमरेच्या उंचीवर आहे, तिच्या अलीकडे कॉक आहे, हातमोजे न काढता ती उघडते. आमच्या डिझाइनमधली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, आणि ती फोटोत दिसत नाही.

यंत्राची खरी परीक्षा रानातच होते, हे या भागाला नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरानं जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर रानात चालल्यावरच तो समज दूर झाला. साताऱ्याच्या कूपर इंजिनांनीही नाव कमावलं ते विहिरीवर पाणी उपसून.

लहान उद्योजकांची अडचण मला कळते. माहितीपत्रकावर परदेशी बोधचिन्ह असलं की नवा ग्राहक थांबतो. म्हणूनच पैसे भरण्याआधी आयोजकांना तीन प्रश्न लेखी विचारा. प्रवेशिका किती आल्या आणि किती नाकारल्या? वस्तू कुणी, कशी तपासली? निकालानंतर एकूण किती पैसे लागतील? सरळ उत्तरं मिळाली तर जरूर भाग घ्या. नाही मिळाली, तर त्याच पैशात आपलं यंत्र एका हंगामासाठी शेतकऱ्याच्या बागेत द्या. त्याच्या तक्रारींची यादी कुठल्याही ट्रॉफीपेक्षा जास्त कामाची आहे.