बशीतली कोपी

माझे बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि प्रवासात त्यांची एकच अट असते. सकाळचा चहा लॉजच्या खोलीत पुडी बुडवून घ्यायचा नाही, बाहेर जाऊन चार माणसांत बसून घ्यायचा. त्यामुळे भाचीकडे क्वालालंपूरला गेलो आणि तिथून दोन दिवस इपोहला, तेव्हा पहिल्याच सकाळी साडेसातला आम्ही तिघं रस्त्यावर होतो. भाची अर्धवट झोपेतच चालत होती.

"आजोबा, आज चहा नाही. कोपी."

"बरं," बाबा म्हणाले. म्हणजे 'बघू'.

इपोह हे कथलाच्या खाणींवर वाढलेलं गाव. क्वालालंपूरहून रेल्वेने साधारण अडीच तास. खाणी संपल्या, पण जुन्या भागातली कॉफीची दुकानं राहिली. त्यांना म्हणतात कोपीतियाम. 'कोपी' हा मलय शब्द आणि 'तियाम' म्हणजे दुकान, हा होक्कियन चिनी. दुकानाच्या नावातच दोन भाषा.

आत शिरताना बाबा दारातच थांबले. संगमरवरी माथ्याची गोल टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, वर पंखा, गल्ल्यामागे बनियन घातलेला म्हातारा मालक. "अगं, हे तर आपलं इराण्याचं हॉटेल!"

त्यांचं चुकलं नव्हतं. सिकंदराबादच्या ज्या इराणी हॉटेलात बाबांनी नोकरीची सगळी वर्षं सकाळचा चहा घेतला, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. आणि दोन्हीकडची गोष्टही जवळपास सारखीच. चीनच्या दक्षिणेला हायनान नावाचं बेट आहे. तिथली माणसं मलायात उशिरा पोचली, तोवर व्यापार-उदीम आधी आलेल्या होक्कियन आणि कँटनी लोकांच्या हाती गेला होता. मग हायनानी माणसं इंग्रजांच्या घरी आणि जहाजांवर स्वयंपाकी म्हणून राहिली. साहेबाचा नाश्ता करता करता टोस्ट, अंडी आणि कॉफी शिकली, आणि 1920-30 च्या सुमारास त्याच शिदोरीवर आपली दुकानं काढू लागली. क्वालालंपूरचं यूत की हे त्यातलंच, 1928 सालचं. आपल्याकडे इराणी लोकही असेच मागाहून आले आणि चहावर उभे राहिले.

आता मागवायचं कसं? तुमच्यापैकी कुणी तिकडे जाणार असेल तर एवढं लक्षात ठेवा. नुसतं 'कोपी' म्हटलं तर तळाशी घट्ट गोड कंडेन्स्ड मिल्क घातलेली कॉफी येते. 'कोपी ओ' म्हणजे काळी, पण साखर घातलेली. 'कोसोंग' म्हणजे रिकामं, म्हणजे बिनसाखरेची. 'पेंग' म्हणजे बर्फ घालून. 'चाम' म्हणजे कॉफी आणि चहा एकाच कपात (बाबांनी यावर कानाला हात लावला). तर बिनसाखरेची काळी गार कॉफी हवी असेल तर म्हणायचं, 'कोपी ओ कोसोंग पेंग'. पहिला शब्द मलय, दुसरा होक्कियन, तिसरा मलय, चौथा होक्कियन. आणि मागवणारा तमिळ असला तरी कुणी वळून बघत नाही.

"आणि मी फोनवर 'हौ' म्हटलं की आमच्या ऑफिसातली पुण्याची मुलगी हसते," भाची म्हणाली. "'नक्को' म्हटलं की जास्तच. मी आता तिच्यासमोर जपून बोलते."

बाबा काहीच बोलले नाहीत. ते कॉफी करणाऱ्याकडे बघत होते. लांब दांड्याच्या कापडी पिशवीत भुकटी, वरून उकळतं पाणी, मग या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतणं. इथे बिया साखर आणि मार्गारिन घालून काळ्याकुट्ट होईपर्यंत भाजतात, म्हणून वासाला जळक्या गुळाची झाक येते. इपोहची 'व्हाइट कॉफी' मात्र साखरेशिवाय, नुसत्या मार्गारिनमध्ये भाजलेली, म्हणून रंगाला उजळ. बाबांना तीच आणली.

सोबत काया टोस्ट. काया म्हणजे नारळाचं दूध, अंडी, साखर आणि पांदान नावाचं सुवासिक पान आटवून केलेला मुरांबा म्हणा हवं तर. भाजलेल्या पावाच्या दोन पातळ कापांत काया आणि लोण्याची गार, जाड चकती. पाव गरम, लोणी गार, आणि ते वितळायच्या आत खायचं. दोन अर्धकच्ची अंडी बशीत फोडून त्यावर सोया सॉस आणि पांढरी मिरपूड घालतात. मला ती जमली नाहीत. भाचीने माझीही संपवली. आपल्या घरातल्या शाकाहारी मंडळींनी कायाला हात लावण्याआधी अंड्याचं लक्षात ठेवावं. केळीच्या पानातला नासी लमाक, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात, दिसायला साधा असला तरी त्याच्या तिखट सांबालमध्ये सुकी कोळंबी वाटलेली असते.

मलेशियाच्या या नाश्त्याच्या संस्कृतीला 2024 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, सगळे धर्म-वंश एका टेबलावर बसतात म्हणून. हे अर्धं खरं आहे. जुन्या चिनी कोपीतियाममध्ये डुकराचं मांस शिजतं, त्यामुळे मलय मुसलमान तिथे सहसा बसत नाहीत. त्यांची दुकानं वेगळी, तमिळ मुसलमानांची रोटी चनाईची दुकानं वेगळी, आणि आता मॉलमध्ये कोपीतियामची हलाल रूपंही निघाली आहेत. आमच्या टेबलावर आम्ही तिघं आणि जागा नाही म्हणून येऊन बसलेले एक चिनी आजोबा, एवढेच होतो.

त्या आजोबांनी कप उचलला, कोपी बशीत ओतली, फुंकर मारली आणि भुरका घेतला.

बाबांनी ते पाहिलं. आईने आणि नंतर मी गेली पंधरा वर्षं बाबांना चारचौघांत बशीतून प्यायचं नाही असं बजावलेलं. बाबांनी माझ्याकडे न बघता कप तिरका केला. दोन्ही बशा एकदमच वर गेल्या. मी पावाकडे लक्ष दिलं.

गर्दी ओसरल्यावर मालक टेबल पुसायला आला. मोडक्या इंग्रजीत गप्पा झाल्या. दुकान त्याच्या वडिलांचं. मुलगा सिंगापूरला हिशेबनीस, मुलगी ऑस्ट्रेलियात. आधी आठवड्यातून एक दिवस बंद असायचं, आता दोन दिवस. "मग पुढं कोण?" बाबांनी मला विचारायला लावलं. त्याने फडका खांद्यावर टाकला, दोन्ही हात पसरले आणि हसला. भाची मोबाइल बघत होती, पण बोट हलत नव्हतं. तिच्या पोस्टिंगचं, परत कधी येणार याचं बोलणं बाबांनी या प्रवासात एकदाही काढलं नव्हतं. तेव्हाही काढलं नाही.

"साखर जास्त झाली मला," ते म्हणाले. "अजून एक घेऊ का? ते रिकामं काय म्हणालीस?"

"कोसोंग."

बाबांनी हात वर केला. "अंकल! एक कोपी ओ कोसोंग. पेंग नक्को."

मालकाने मान हलवली आणि आत वळून आपल्या भाषेत ओरडला. गरम, काळी, बिनसाखरेची आली.